विश्लेषण : भंडारा ते मुंबई... विमान हवेत सव्वा तास, मग प्रवासाला साडेसहा तास का?

भंडारा जिल्ह्यातील माणसाला काही ना काही कारणाने मुंबई गाठावी लागतेच. कुणाची मंत्रालयात फाईल अडकलेली असते, कुणाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तपासणीची तारीख मिळालेली असते, कुणाची अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत असते, तर कुणाच्या मुलीचे परदेशी जाणारे विमान मध्यरात्री मुंबईहून सुटणार असते. इंटरनेटवर शोधले की उत्तर मिळते, नागपूर ते मुंबई विमानाने दीड तास. पण भंडाऱ्याच्या घरातून निघालेला माणूस परळला पोहोचेपर्यंत सहा ते सात तास सहज गेलेले असतात. हा हिशेब आधी मांडला नाही तर विमान चुकते, डॉक्टरांची तारीख हुकते आणि तिकिटाचे पैसेही पाण्यात जातात. हे तास नेमके कुठे जातात? अंतर आणि वेळ मोजतात कसे? आणि विमान खरोखर कधी परवडते?

भंडारा ते मुंबई नेमके किती किलोमीटर?

या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या वाटेने मोजायचे त्यावर ते बदलते.

भंडारा शहर आणि मुंबईचे सांताक्रूझ-सहार परिसरातील विमानतळ यांच्यामध्ये सरळ रेषा ओढली तर अंतर सुमारे ७४५ किलोमीटर भरते. यालाच हवाई अंतर म्हणतात. नागपूर विमानतळापासून मोजले तर ते साधारण ६८५ किलोमीटर होते. रेल्वेमार्गाने नागपूर ते मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ८३७ किलोमीटर आहे. भंडारा रोड स्थानक नागपूरच्या पूर्वेला सुमारे ६२ किलोमीटरवर आहे. म्हणजे रुळांवरून भंडारा ते मुंबई जवळपास ९०० किलोमीटर. समृद्धी महामार्गाने गेल्यास हा आकडा ८२५ ते ८५० किलोमीटरच्या आसपास येतो.

म्हणजे हवाई अंतर आणि रेल्वेचे अंतर यांत दीडशे किलोमीटरचा फरक आहे. रेल्वेला घाट, नद्या आणि वाटेतली गावे सांभाळत जावे लागते, विमानाला त्यांची फिकीर नसते.

हे अंतर किती मोठे आहे, ते सूर्यावरूनही कळते. भंडारा मुंबईच्या पूर्वेला पावणेसात रेखांश आहे. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटे लागतात. त्यामुळे सूर्याच्या घड्याळाने भंडारा मुंबईच्या सुमारे २७ मिनिटे पुढे आहे. दोन्ही शहरांत घड्याळे सारखीच चालतात, कारण १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. एकाच राज्यातल्या दोन शहरांमध्ये सूर्याच्या हिशेबाने अर्ध्या तासाचे अंतर असावे, यावरून महाराष्ट्र पूर्व-पश्चिम किती लांब आहे याची कल्पना येते.

विमान सरळ रेषेत जाते का?

जवळपास, पण अगदी नाही. आकाशातही ठरलेले मार्ग असतात. विमानाला उड्डाणानंतर ठरावीक दिशेने बाहेर पडावे लागते आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. वारा समोरून घेऊन उतरायचे असल्याने वाऱ्याप्रमाणे धावपट्टीची बाजू बदलते, त्यानुसार शेवटचा वळसाही लहान-मोठा होतो. वाटेत मोठे ढग किंवा लष्कराने बंद ठेवलेला हवाई भाग असेल तर आणखी वळण घ्यावे लागते. त्यामुळे ६८५ किलोमीटरच्या हवाई अंतरासाठी विमान प्रत्यक्षात काही दशके किलोमीटर जास्तच कापते.

नागपूर-मुंबईसारख्या छोट्या मार्गावर हा फरक मामुली असतो. लांबच्या मार्गांवर मात्र तो मोठा होतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि प्रवासाचे तास वाढले. शहरे जागची हलली नव्हती, वाट लांबली होती.

विमान हवेत किती वेळ असते?

या मार्गावर साधारण सत्तर ते पंचाहत्तर मिनिटे. इथे एक शंका येते. एअरबस ए-३२० सारखे विमान ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने उडते, तर ६८५ किलोमीटरला पन्नासच मिनिटे लागायला हवीत. मग वरची वीस-पंचवीस मिनिटे कशाची?

याचे कारण, विमान पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडते. नागपूरहून उडाल्यावर ३५ हजार फुटांपर्यंत चढायला त्याला वीस-बावीस मिनिटे आणि दोनशेहून अधिक किलोमीटर लागतात. उतरणीची सुरुवातही मुंबईच्या दोनशे किलोमीटर अलीकडेच होते. दहा हजार फुटांच्या खाली सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, एवढीच वेगमर्यादा असते. म्हणजे पूर्ण उंचीवर आणि पूर्ण वेगाने कापायला मधले अडीचशे-तीनशे किलोमीटरच उरतात. खाद्यपदार्थांची ट्रॉली मागच्या रांगांपर्यंत पोहोचते न पोहोचते तोच खुर्चीचा पट्टा बांधण्याची सूचना येते, ती यामुळे.

याच कारणाने मार्ग जितका छोटा, तितका विमानाचा सरासरी वेग कमी पडतो. मुंबई ते लंडन प्रवासात चढ-उताराचा वेळ आठ-नऊ तासांत विरून जातो. नागपूर-मुंबईत तो निम्म्याहून अधिक असतो.

मग तिकिटावर दीड तास का लिहितात?

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमान नागपूरच्या टर्मिनलपासून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून मुंबईच्या टर्मिनलला लागून चाके थांबेपर्यंतचा हा वेळ असतो. विमान क्षेत्रात याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंतचा प्रवास, उड्डाणाच्या परवानगीची वाट, हवेतला वेळ आणि उतरल्यानंतर टर्मिनलपर्यंतची रांग, सगळे येते. नागपूर-मुंबई मार्गावर वेळापत्रकात तो साधारण दीड तास असतो, काही विमानांसाठी पावणेदोन तासांपर्यंतही दाखवला जातो.

इथे मुंबईची खास अडचण आहे. मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि एवढ्या मोठ्या शहराचा कारभार व्यवहारात एकाच धावपट्टीवर चालतो. गर्दीच्या वेळी विमानांना उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने यावर बोट ठेवले. विमानांना चाळीस मिनिटे ते तासभर घिरट्या घालाव्या लागत असल्याचे सांगत गर्दीच्या वेळेतील तासाची वाहतूक ४६ वरून ४४ आणि इतर वेळेतील ४४ वरून ४२ वर आणण्यात आली.

ही गर्दी गृहीत धरूनच कंपन्या वेळापत्रकात काही मिनिटे जादा ठेवतात. त्यामुळे कधी विमान पंधरा मिनिटे उशिरा सुटूनही वेळेवर पोहोचते. वैमानिकाने वेग वाढवलेला नसतो, वेळापत्रकातली शिल्लक वापरली गेलेली असते.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो?

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. मुंबईहून नागपूरला येणाऱ्या विमानाला ते पाठीशी मिळतात, नागपूरहून मुंबईला जाणाऱ्याला ते तोंडावर घ्यावे लागतात.

सोपा हिशेब करून पाहू. विमानाचा हवेतला वेग ताशी ८०० किलोमीटर आणि वारा ताशी १०० किलोमीटर धरला, तर वारा पाठीशी असताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९०० होतो आणि ६८५ किलोमीटरला सुमारे ४६ मिनिटे लागतात. वारा समोरून असेल तर वेग ७०० वर येतो आणि ५९ मिनिटे लागतात. फरक तेरा मिनिटांचा. चढ-उतारात वारा कमी असल्याने प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो. पावसाळ्यात हे पश्चिमी जेट वारे उत्तरेकडे सरकतात आणि फरक कमी होतो.

हाच वारा लांबच्या प्रवासात तासाचा हिशेब बदलतो. मुंबईहून लंडनला जायला लागणारा वेळ लंडनहून परत यायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त असतो, तो याच कारणाने.

भंडाऱ्याच्या घरापासून परळपर्यंत एकूण किती वेळ?

आता सगळा प्रवास एका ओळीत मांडू. भंडारा शहरातून गाडीने निघून परळच्या रुग्णालयात पोहोचायचे आहे, असे धरू.

भंडारा ते नागपूर विमानतळ, सुमारे ७० किलोमीटर : दीड ते दोन तास
विमानतळावर सामान देणे, सुरक्षा तपासणी, थांबणे : दीड ते पावणेदोन तास
वेळापत्रकानुसार विमान प्रवास : दीड तास
विमानातून उतरणे, सामान घेणे, बाहेर येणे : अर्धा तास ते चाळीस मिनिटे
मुंबई विमानतळ ते परळ : पाऊण ते सव्वा तास

बेरीज पावणेसहा ते सव्वासात तासांच्या दरम्यान येते, म्हणजे सरासरी साडेसहा तास. यात विमान हवेत असते फक्त सव्वा तास, एकूण वेळेच्या एक पंचमांशाहून कमी.

आता ७४५ किलोमीटरच्या हवाई अंतराला साडेसहा तासांनी भागून पाहा. उत्तर येते ताशी ११५ किलोमीटर. विमान ताशी ८०० किलोमीटरने उडते, पण भंडाऱ्याचा प्रवासी मुंबईच्या दिशेने ताशी ११५ किलोमीटरनेच सरकतो. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, त्याहूनही हा वेग कमी आहे.

भंडाऱ्याहून नागपूर विमानतळ गाठणे हा या साखळीतला सर्वात बेभरवशाचा भाग आहे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, त्याची अडचण नाही. पण भंडाऱ्याचा रस्ता नागपुरात पूर्वेकडून, पारडीच्या बाजूने शिरतो आणि विमानतळ आहे सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येला. म्हणजे पूर्ण शहर ओलांडावे लागते किंवा बाहेरून वळसा घ्यावा लागतो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत शेवटचे पंधरा किलोमीटर आधीच्या पन्नास किलोमीटरइतका वेळ खाऊ शकतात.

यावर मेट्रोचा उपाय आहे. नागपूर मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका पूर्वेला प्रजापती नगरपर्यंत येते. डिसेंबर २०२२ पासून हा टप्पा सुरू आहे. भंडाऱ्याहून येणाऱ्याला तिथे मेट्रो पकडून सीताबर्डीला गाडी बदलता येते आणि ऑरेंज मार्गिकेने विमानतळ स्थानक गाठता येते. स्थानकापासून टर्मिनल थोडे दूर आहे, त्यामुळे जड सामान असेल तर हा मार्ग त्रासाचा ठरतो. पाठीवर एकच बॅग असेल तर वाहतूक कोंडीचा धोका मात्र टळतो.

रेल्वे आणि समृद्धी महामार्गाच्या तुलनेत विमान कुठे बसते?

भंडारा रोड स्थानक वरठीला आहे, भंडारा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्स्प्रेस दुपारी या भागातून निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोहोचते. प्रवास साधारण सोळा तासांचा. कागदावर विमानापेक्षा साडेनऊ तास जास्त. पण त्यातले सात-आठ तास झोपेत जातात आणि माणूस सकाळी थेट मुंबईच्या मध्यात उतरतो. सकाळच्या विमानासाठी भंडाऱ्याहून पहाटे तीनला निघावे लागत असेल, तर झोपेचा हिशेब रेल्वेच्या बाजूने झुकतो.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी रेल्वेचा आणखी एक फायदा आहे. उपचारासाठी जाताना रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीच्या मूळ भाड्यात पूर्ण सवलत मिळते, तर सोबतच्या एका व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. दर तीन आठवड्यांनी केमोथेरपीला जाणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नसते. मात्र रुग्ण अशक्त असेल, सोळा तास बसवत नसेल, तर विमानाचे साडेसहा तासही मोठा दिलासा ठरू शकतात. अशा रुग्णाने विमान प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून घेणे आवश्यक आहे.

रस्त्याचा पर्याय गेल्या काही वर्षांत पूर्ण बदलला. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. आता नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सलग जाता येते. भंडाऱ्याहून तिथपर्यंत पोहोचण्याचा आणि पुढे मुंबईत शिरण्याचा वेळ धरला, तर मोटारीने साडेदहा ते बारा तास लागतात. चौघांचे कुटुंब असेल तर खर्चात हा पर्याय विमानाशी स्पर्धा करू शकतो. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला झापड येण्याचा धोका मोठा आहे, त्यामुळे दुसरा चालक आणि मध्ये थांबे हवेतच.

थोडक्यात, भंडारेकरासाठी विमान रेल्वेच्या दहापट वेगाचे नाही. ते साधारण अडीचपट वेगाचे आहे.

गोंदियाचा बिरसी विमानतळ जवळ नाही का?

तुमसर, साकोली या भागातल्या अनेकांना हा प्रश्न पडतो. गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या बिरसी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. पुढे तिथे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले आणि १३ मार्च २०२२ रोजी 'उडान' योजनेतून प्रवासी विमान सुरू झाले. ती सेवा काही महिन्यांत थांबली. मग १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद-गोंदिया-तिरुपती अशी सेवा सुरू केली.

पण मुंबईला जायचे असेल तर हैदराबादमार्गे जाण्याचा हिशेब पाहायला हवा. गोंदिया ते मुंबई हवाई अंतर सुमारे ८२० किलोमीटर आहे. हैदराबादला जाऊन तिथून मुंबई गाठली तर ते जवळपास ११४० किलोमीटर होते. शिवाय गोंदियासारख्या मार्गांवर वापरली जाणारी एटीआर विमाने पंख्यांवर चालतात, त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. त्यात हैदराबादला विमान बदलण्याचा वेळ. एवढ्या वेळात तुमसरचा माणूस नागपूरमार्गे मुंबईत पोहोचलेला असतो. हैदराबाद किंवा तिरुपतीलाच जायचे असेल तर मात्र बिरसी सोयीचे आहे.

नागपूरहून सगळीकडे थेट विमान का नसते?

नागपूर देशाच्या मध्याजवळ आहे, त्यामुळे अंतराच्या हिशेबाने ते सर्वांना सोयीचे. एकेकाळी याचा उपयोगही झाला. १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरात परतत. १९७३ पर्यंत ही व्यवस्था चालली.

नंतर विमानांचा पल्ला वाढला. दिल्लीहून चेन्नईला जायला मध्ये थांबण्याची गरज उरली नाही. विमाने नकाशाच्या मध्यापेक्षा प्रवासी जिथे जास्त तिथे जमू लागली. म्हणून आज भंडाऱ्याचा माणूस परदेशी जाताना बहुतेकदा आधी मुंबई किंवा दिल्ली गाठतो, कधी उलट दिशेला जाऊनही.

तातडीच्या वेळी मुंबईचा विचार करावा का?

हा प्रश्न जिवाचा आहे आणि त्याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे. मेंदूत रक्ताची गाठ अडकून पक्षाघात झाला, तर गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. भंडारा ते मुंबई साडेसहा तास लागत असतील, तर हवाई रुग्णवाहिकेची जुळवाजुळव होईपर्यंतच ही मुदत संपते. हृदयविकाराच्या झटक्यातही मिनिटे मोजावी लागतात. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय आणि तासा-दीड तासावरचे नागपूर हीच खरी वाट. मुंबई त्यानंतरच्या उपचारांसाठी.

अवयव प्रत्यारोपणात याच तत्त्वाचा उलटा वापर दिसतो. दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते. विमानाचा वेग तर वाढवता येत नाही. म्हणून पोलीस 'ग्रीन कॉरिडॉर' करतात, म्हणजे रुग्णालय ते विमानतळ हा रस्ता काही मिनिटांसाठी मोकळा ठेवतात. वेळ वाचवायचा तर तो जमिनीवरच वाचतो, हे त्यातून स्पष्ट होते.

तिकीट काढताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, विमानतळ कोणता. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली आहेत. तिकिटावर 'बीओएम' असेल तर जुना मुंबई विमानतळ आणि 'एनएमआय' असेल तर उलव्याचा नवा. परळला जाणाऱ्याला नवा विमानतळ वाटतो तितका दूर नाही, कारण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू थेट शिवडीला उतरतो. अंधेरी किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात काम असेल तर जुनाच बरा.

दुसरी, टर्मिनल कोणते. जुन्या विमानतळाची टी-१ आणि टी-२ ही टर्मिनल वेगळ्या ठिकाणी आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो-३ आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागली आणि तिची दोन्ही टर्मिनलजवळ स्थानके आहेत. टी-२ पासून सीएसएमटीपर्यंत ती साधारण पाऊण तासाच्या आत पोहोचवते. वांद्रे-कुर्ला संकुल आणि विधान भवन ही स्थानकेही याच मार्गावर आहेत.

तिसरी, विमानाची वेळ. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते. सकाळी कुठे झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो. ज्या दिवशी पोहोचणे चुकवता येणार नाही, त्या दिवशी सकाळचे विमान घ्यावे, शक्य असेल तर आदल्या दिवसाचे.

चौथी, पुढचे विमान. नागपूर-मुंबई आणि मुंबई-परदेश ही तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर पहिले उशिरा पोहोचल्याने दुसरे चुकल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर पुढची सोय करणे कंपनीचे काम असते. वेगळ्या तिकिटांवर जाणाऱ्याने मध्ये किमान पाच-सहा तास ठेवावेत.

पाचवी, आपले हक्क. सामान घेण्याचे काउंटर सहसा सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होते, ही आपली जबाबदारी. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वाट पाहणाऱ्या प्रवाशांना खाणे-पिणे देणे ही कंपनीची जबाबदारी. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशाला दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो.

पुढे काय बदलेल?

नागपूर-मुंबई विमानाचा हवेतला वेळ येत्या काही वर्षांत कमी होण्याची शक्यता नाही. विमानांचा वेग गेल्या अनेक दशकांत फारसा वाढलेला नाही. बदल होणार आहे तो दोन्ही टोकांना. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात प्रजापती नगरची मार्गिका भंडारा मार्गाने कापसीजवळच्या ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत नेण्यात येत आहे. समृद्धी महामार्ग नागपूरच्या पुढे भंडारा-गोंदियाकडे वाढवण्याची योजना आहे. नवी मुंबईमुळे जुन्या विमानतळावरील घिरट्या कमी झाल्या, तर वेळापत्रकातली काही मिनिटेही कमी होऊ शकतात.

या सगळ्यातून भंडारेकराचा तासभर वाचला, तरी साडेसहाचे साडेपाच तास होतील. तोवर घरून निघण्याची वेळ ठरवताना तिकिटावरच्या दीड तासात पाच तास मिळवणे, हाच सुरक्षित हिशेब आहे.